आपण पास आउट होतो, कुत्रा होत नाही!

या अंकासाठी कुत्र्यावर लिहितोय असं सांगितल्यावर संपादक मंडळातल्या एकानं लगेच विचारलं, "कोणत्या ब्रँचचा?" सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगू का, गेल्या वर्षभरात हा प्रश्न मी पन्नास वेळा तरी ऐकलाय. फक्त 'ब्रँच'च्या जागी 'ब्रीड'. मोबाईलवर मोहाचा फोटो दाखवला की समोरचा आधी विचारणार, "कोणत्या ब्रीडचा?" मी आता ठरलेलं उत्तर देतो, "ऑल ब्रँच!" आई गावठी, बाप बहुतेक कुठल्यातरी बंगल्यातला लॅब्राडॉर. एक कान उभा, एक पडलेला. रंग वाळलेल्या मोहफुलासारखा, म्हणून नाव मोहा.

मोहा सध्या आरमोरीकडे आमच्या गावात, आमच्या घरी असतो. होस्टेलवर नाही. तो होस्टेलवर का नाही, हाच या लेखाचा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना तयारी करता येईल. माझं मत असं की होस्टेलनं कुत्रा पाळू नये. होस्टेलनं कुत्र्याला घर मिळवून द्यावं. या दोन गोष्टी सारख्या वाटतात, पण तशा नाहीत. मला हे कळायला दोन वर्षं आणि एक कुत्रा लागला.

तो कुत्रा म्हणजे राजा. आत्ताच्या फर्स्ट इयर, सेकंड इयरवाल्यांना तो माहीत असण्याचं कारण नाही. मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा राजा आमच्या विंगचा होता. म्हणजे काय, तर मेसच्या मागच्या दाराशी बसायचा, आपल्या चपात्या खायचा, रात्री सबमिशनची फाईल पूर्ण करत बसलेल्यांच्या पायाशी झोपायचा. त्याच्या गळ्यात कोणीतरी टेक्निकल फेस्टच्या आयकार्डची निळी दोरी बांधली होती. घरची आठवण यायची त्या दिवसांत त्या कुत्र्यानं आम्हा किती जणांना सावरलं, हे आम्हीच जाणे. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

मग 2023 चा उन्हाळा आला. परीक्षा संपल्या. फायनलवाले पास आउट झाले, बाकीचे आपापल्या गावी गेले. मेसला कुलूप. चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो ते मी इथं कोणाला सांगायची गरज नाही! राजासाठी पाण्याचं भांडं ठेवायला हवं, हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. सुट्टीनंतर परत आलो, मेसच्या मागे हाका मारल्या. राजा नव्हता. रात्रपाळीच्या चौकीदार काकांना विचारलं, तर त्यांनी खिशातून निळी दोरी काढून दिली. मेसच्या मागच्या झुडपात सापडली होती. बिबट्यानं नेला.

आम्ही हळहळलो. कोणीतरी "रेस्ट इन पीस राजा" असं स्टेटसही टाकलं. काका मात्र चिडले होते. ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही. "पोट्टेहो, तुमी जेवू घातलं म्हनून थो इथं राह्यला. थो राह्यला म्हनून बिबट इथं आला. आन् रातची ड्युटी कोनाची हाये? माही हाये."

मी गप्प झालो. कारण त्यांच्या बोलण्यात एकही चूक नव्हती.

आपण ताडोबाच्या कुशीत राहतो, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो आणि स्वतः विसरतो. फेब्रुवारी 2022 मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर परिसरात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ दोन जीव गेले, त्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा होता. बिबट्या वस्तीजवळ का येतो, याची कारणं अनेक आहेत. पण त्याला वस्तीत खायला काय मिळतं, याचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या जेवणाचा हिशेब मांडला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सुमारे 87 टक्के वाटा माणसांजवळच्या प्राण्यांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के! म्हणजे आपण मेसच्या मागे टाकतो ती चपाती कुत्र्याच्या पोटात थांबत नाही. तिची साखळी पुढे जाते. त्या साखळीच्या टोकाला रात्रपाळीचे काका असतात, क्वार्टर्समध्ये राहणारी त्यांची लहान मुलं असतात.

आता मोहाकडे येतो. जानेवारी 2025 मध्ये बल्लारशा रोडवर कोणीतरी खोक्यात घालून पाच पिल्लं सोडून दिली. मालकाच्या कुत्रीला "भेसळ" पिल्लं झाली असणार; विकली जाणार नाहीत म्हणून खोकं. शहरातल्या काही प्राणिप्रेमींच्या गटानं ती उचलली. या गटाकडे ना शेड, ना पिंजरे, ना बोर्ड. सापडलेला प्रत्येक प्राणी गटातल्या कोणाच्या तरी घरी राहतो, कायमचं घर मिळेपर्यंत. यालाच ते 'फॉस्टर' म्हणतात. पाचातली दोन पिल्लं पहिल्याच आठवड्यात पार्वोनं गेली. उरलेली तीन, तीन वेगवेगळ्या घरांत ठेवली. त्यातलं एक पिल्लू एका काकूंकडे होतं.

फोटो ग्रुपवर आला आणि आम्ही चौघं दोन बाईकवर त्यांच्या दारात हजर! आयकार्डं घेऊन, जणू पार्सल सोडवायचंय. काकूंनी चहा दिला, पिल्लू मांडीवर दिलं आणि मग प्रश्न सुरू केले. मे महिन्यात हा कुठं राहणार? रात्री कुठं झोपणार? रात्री दोन वाजता आजारी पडला तर गाडी कोण काढणार? तुमची प्लेसमेंट पुण्याला झाली तर? आमचं एकच उत्तर, "आम्ही सगळे मिळून सांभाळू ना काकू."

"सगळे मिळून म्हणजे कोणीच नाही," काकू म्हणाल्या. "होस्टेलवर मी पिल्लू देत नाही, बाळांनो. कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. तुम्ही चार वर्षांत जाता."

परत येताना मी सगळ्या रस्त्यानं कुरकुरत होतो. इथं कुत्रे रस्त्यावर मरतात आणि यांना व्हिसासारखा इंटरव्ह्यू घ्यायचाय! घर मिळत नाही म्हणायचं आणि मागायला आलेल्याला हाकलायचं! पण त्या रात्री कपाटात ठेवलेली निळी दोरी दिसली. राजालाही "सगळे मिळून" सांभाळत होतो आम्ही. त्याच्यावर माया करणारे चाळीस जण होते. त्याला पत्ता मात्र नव्हता.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. पिल्लू मागितलं नाही. "मला काही काम द्या," म्हणालो. काकूंनी दिलं. दर रविवारी दोन तास यायचं आणि पिल्लाला जगाची ओळख करून द्यायची. बाईकचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी, छत्री, लहान मुलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते. हा काळ पिंजऱ्यात गेला की कुत्रा जन्मभर बिचकणारा होतो आणि बिचकणारा कुत्राच बहुतेक वेळा चावतो.

फॉस्टर घराचं महत्त्व मला तिथं कळलं. पहिलं कारण अगदी तांत्रिक आहे. पार्वोचा विषाणू फार चिवट असतो, मातीत कित्येक महिने टिकतो. एकाच शेडमध्ये वीस पिल्लं ठेवली आणि एक आजारी निघालं, तर सगळी रांगेनं जातात. घरोघर विखुरली, की साखळी तुटते. दुसरं कारण असं की फॉस्टर घरातून येणारा कुत्रा 'डेटाशीट'सह येतो! काकूंच्या वहीत सगळं होतं: लसींच्या तारखा, वजन, काय खाल्ल्यावर पोट बिघडतं, कशाला घाबरतो, मांजर दिसल्यावर काय करतो. दुकानातून पिल्लू विकत घेणाऱ्याला यातलं काय मिळतं?

हे खूळ परदेशातून आलंय असं कोणी म्हणेल. त्यांना मी गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाची आठवण करून देतो. 1973 मध्ये तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना एकदा शिकार करून परतणारे आदिवासी भेटले. त्यांच्याकडे मारलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला बिलगलेलं जिवंत पिल्लू. डॉक्टरांनी तांदळाच्या बदल्यात ते पिल्लू मागून घेतलं. तिथून हेमलकशाचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. भुकेल्या माणसाला आधी तांदूळ दिले, मग पिल्लू घेतलं, आणि घेतल्यावर ते सोडून दिलं नाही, हे त्या गोष्टीतलं मला सगळ्यात मोठं वाटतं. रानातले प्राणी आपण पाळायचे नसतात, कायद्यानंही नाही. पण एकदा घेतलेली जबाबदारी शेवटपर्यंत निभावणं हे आपल्या मातीतलंच आहे.

असो. तर रविवारी जाता जाता मोहाचा आणि माझा जीव जडला. मग मी बाबांना फोन केला. बाबा शेतकरी. ते लगेच म्हणाले, "आण की. बांधीवर बांधू, रानडुकरं हाकलंल." मी आनंदानं काकूंना सांगितलं. काकूंनी फॉर्मवर बोट ठेवलं. तिथं छापलेलंच होतं: रात्री कुत्रा बंद दाराच्या आत राहील. आपल्या दोन जिल्ह्यांत या एका ओळीची किंमत लाख रुपये आहे!

बाबा आठ दिवस फिरकले नाहीत त्या विषयाकडे. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या लहानपणापासून आमची तीन कुत्री बिबट्यानं नेली. दर वेळी घरात एकच वाक्य, "कुत्रं गेलं, दुसरं आनू." दुसरं फुकट मिळतं, म्हणून पहिल्याची किंमत नाही. नवव्या दिवशी बाबांचाच फोन आला. गोठ्याला लागून पडीक खोली होती, तिला त्यांनी दार बसवलं होतं. "ये म्हना तुह्या काकूले पाहाले," म्हणाले.

काकू आणि त्यांचे यजमान खरंच गेले. मूल, सावली, गडचिरोली करत आमच्या गावापर्यंत, मोहाला मांडीवर घेऊन. दार तपासलं, कडी वाजवून पाहिली, आईच्या हातचा चहा घेतला आणि आईला एकच गोष्ट सांगितली, "नाही जमलं तर सोडून देऊ नका, मला फोन करा. कारण विचारणार नाही, घेऊन जाईन."

ही गोष्ट किती मोठी आहे, ते विसाव्या दिवशी कळलं. मोहानं शेजाऱ्यांची कोंबडी मारली. चारशे रुपये भरून दिले. त्याआधी बाबांची नवी चप्पल गेलीच होती. आई फोनवर कडाडली, "ने तुहं कुत्रं!" मी रडवेला होऊन काकूंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणा. जागा आहे त्याला." मी आईला तसं सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राहू दे आजचा दिवस. पाहू उद्या." तो 'उद्या' अजून आलेला नाही! परत घेणारं कोणी आहे म्हटल्यावर माणूस घाबरून टोकाला जात नाही. बल्लारशा रोडवर खोकं ठेवणाऱ्याला असं "आणा" म्हणणारं कोणी भेटलं असतं तर? कदाचित ते खोकं तिथं नसतं.

आता आई फोनवर आधी मोहाचं सांगते, मग माझ्या बॅकलॉगचं विचारते. पहिल्या वर्षाचा खर्च, लसी, नसबंदी, जंताचं औषध, पट्टा आणि ती कोंबडी धरून, साधारण साडेपाच हजार झाला. रविवारच्या ट्यूशन घेऊन मी तो भरला. तो रानात मोकळा फिरत नाही, हेही मुद्दाम सांगतो. मोकळा कुत्रा चितळाच्या मागे लागतो, ते एक. आणि 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा रोग कुत्र्यांतही असतो. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यानं आपल्या कुत्र्याला लस देणं म्हणजे वाघाचीही काळजी घेणं आहे.

आता पुन्हा आपल्या कॅम्पसकडे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की शैक्षणिक संस्था, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले भटके कुत्रे पकडून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावेत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. तेव्हा होस्टेलवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, "बरं झालं, एकदाचे हाकला." दुसरी म्हणे, "अन्याय आहे, आमचे मित्र आहेत ते."

पहिल्या पार्टीची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. पण गोव्यानं काय केलं ते पाहा. कुत्र्यांचं सत्तर टक्के लसीकरण हे उद्दिष्ट ठेवून राज्य सरकार आणि मिशन रेबीज यांनी गावोगाव मोहीम चालवली आणि 2018 मध्ये तिथं रेबीजनं एकही माणूस दगावला नाही. हे काठीनं झालेलं नाही, सुईनं झालंय.

दुसऱ्या पार्टीला, म्हणजे माझ्याच जुन्या पार्टीला, मला जास्त विचारायचंय. मित्र म्हणता, मग त्याला रेबीजची लस दिली का? नसबंदी झाली का? सुट्टीत त्याचं काय? पास आउट झाल्यावर त्याला कोण नेणार? चारपैकी एकाचंही उत्तर नसेल, तर आपण मैत्री करत नाही, टाइमपास करतो. त्याच वर्षी 22 ऑगस्टला दिल्लीच्या प्रकरणात याच न्यायालयानं सांगितलं होतं की ज्यांना हवं त्यांनी रीतसर अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. काकूंचा फॉर्म तरी वेगळं काय म्हणत होता?

म्हणून काही सूचना करतो. मेसच्या मागचं ओलं खरकटं झाकणाच्या ड्रममध्ये जावं आणि रोज उचललं जावं. हे रेक्टर सरांच्या एका सहीचं काम आहे. कॅम्पसमधल्या कुत्र्यांची एकदा मोजणी व्हावी आणि नसबंदी-लसीकरणासाठी महापालिकेला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र जावं. पिल्लं सापडली तर ती रूमवर न नेता फॉस्टर गटाला कळवावं. आणि रविवारचे दोन तास आपल्यातल्या दहा जणांनी द्यावेत. क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या सर आणि मॅडम लोकांना एक विनंती: तुमच्याकडे पत्ता आहे, दार आहे, उन्हाळ्यातही घर उघडं असतं. एका पिल्लाला सहा आठवडे ठेवून घेणं तुम्हाला जमेल का? सांभाळायला आम्ही येऊ. फक्त ते रात्री आत झोपलं पाहिजे.

कोणी म्हणेल, माणसांचे प्रश्न सुटले नाहीत आणि हा कुत्र्यांचं घेऊन बसलाय. त्याला मी चौकीदार काकांकडे पाठवीन. आपल्या कॅम्पसवर कुत्र्याचा प्रश्न आणि माणसाचा प्रश्न एकाच झुडपात बसलेले आहेत.

संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आपण काय करतो? पोळी टाकतो आणि आपल्या रूमवर जातो. मागे धावायचं काम उरतंच. आजच्या काळात त्या वाटीत लस असेल, पट्टा असेल, एखाद्या घराचा पत्ता असेल.

येत्या मेमध्ये मी पास आउट होईन (दोन विषय निघाले तर!). निळी दोरी अजून माझ्याकडे आहे. ती मी कोणत्याही कुत्र्याच्या गळ्यात बांधणार नाही. जाताना विंगमधल्या ज्युनियरला देऊन जाईन आणि तिची गोष्ट सांगून जाईन. बघा, पटतंय का. पटलं तर येत्या रविवारी सकाळी आठला गेटवर भेटू. काकूंकडे सध्या दोन पिल्लं आहेत. ब्रीड विचारू नका!

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)